ओईआयएस : स्वतःला टाळणाऱ्या चालींचा हिशेब ठेवणारी सेवा

पूर्णांकांच्या क्रमिकांचा ऑनलाइन ज्ञानकोश, म्हणजे ओईआयएस, ही विनामूल्य सेवा आहे. तिच्याबद्दल गणिताची माणसं पुष्कळ लिहितात. मी भौतिकीच्या बाजूने लिहिते आहे. मी सांख्यिकीय भौतिकी शिकवते आणि रँडम वॉक व स्वतःला टाळणारी चाल यांचं स्केलिंग, म्हणजे पावलं वाढली की पसारा कोणत्या नियमाने वाढतो, हा माझ्या सगळ्यात जवळचा भाग. लाखो पावलांची साखळी कशी पसरेल याचा सुगावा पाच-सहा पावलांच्या अचूक मोजदादीतून लागतो, यावर माझा विश्वास आहे आणि वर्गातही मी तेच दाखवते. ती अचूक मोजदाद नीट तपासून, एका जागी ठेवलेली मला इथेच मिळते.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चौकोनी जाळीवर एक बिंदू उभा आहे. प्रत्येक पावलाला चार दिशा खुल्या, निवड निव्वळ नशिबाची, आधी कुठे जाऊन आलो याची आठवण नाही. हा रँडम वॉक. त्यात सुरुवात आणि शेवट यांच्यातल्या अंतराच्या वर्गाची सरासरी बरोबर पावलांच्या संख्येइतकी येते. म्हणून अंतर पावलांच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणजे घातांक १/२. आता एकच अट घाला: ज्या बिंदूवर एकदा पाय पडला तिथे पुन्हा जायचं नाही. ही स्वतःला टाळणारी चाल. अट सांगायला सोपी, पण द्रावणात मोकळ्या पसरलेल्या पॉलिमरच्या, म्हणजे दुवे जोडून झालेल्या लांब रेणूच्या, साखळीचं हे नेमकं चित्र आहे, कारण साखळीचे दोन दुवे एकाच जागी बसू शकत नाहीत. अंतराचा घातांक, ज्याला सगळे न्यू म्हणतात, तो आता बदलतो. सपाटीवर तो ३/४ होतो. पावलं दुप्पट केली तर रँडम वॉकचा पसारा १.४१ पट होतो, सपाटीवरच्या स्वतःला टाळणाऱ्या चालीचा १.६८ पट, आणि तीन मितींत १.५० पट.

या सेवेची परीक्षा घ्यायची असेल तर शोधाच्या चौकटीत तीन क्रमिका एकापाठोपाठ टाकून बघा. पहिली ४, १६, ६४, २५६. हे चारचे घात, सेवेतला नोंद-क्रमांक ए०००३०२, म्हणजे साध्या रँडम वॉकच्या वाटांची संख्या. दुसरी ४, १२, ३६, १०८. ही ए००३९४६, म्हणजे ज्या चालीत लगेच मागे वळायला बंदी आहे तिची संख्या: पहिल्या पावलाला चार पर्याय, पुढे प्रत्येकी तीन. तिसरी ४, १२, ३६, १००. ही ए००१४११, आपली स्वतःला टाळणारी चाल. दुसरी आणि तिसरी चौथ्या पावलापर्यंत हातात हात घालून चालतात आणि तिथे १०८ ऐवजी १०० येतात. वजा झालेल्या आठ वाटा म्हणजे चार पावलांत छोटा चौरस पुरा करून सुरुवातीला परत येणाऱ्या वाटा: चार दिशा, आणि प्रत्येकीत डावीकडून किंवा उजवीकडून.

मला इथे विद्यार्थ्यांना थांबवायला आवडतं, कारण स्केलिंगचा गाभा या दोन क्रमिकांच्या फरकात आहे. लगेच मागे वळायला बंदी घातली की चाल जरा ताठ होते. लांब चालीत अंतराच्या वर्गाची सरासरी पावलांच्या संख्येच्या दुप्पट होते. पण घातांक १/२ चाच राहतो. चार पावलांपर्यंतची आठवण ठेवा, शंभरपर्यंतची ठेवा, समोरचा गुणक बदलत जाईल, घातांक मात्र हलणार नाही. तो हलतो तेव्हाच, जेव्हा आठवण चालीच्या पूर्ण लांबीइतकी असते आणि दहा हजारावं पाऊल तिसऱ्या पावलालाही टाळतं. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत सांगून पुढे जातात. इथे दोन पानं शेजारी उघडली की आकडे कुठे वेगळे झाले ते दिसतं, आणि विद्यार्थी स्वतःहून विचारतो की एवढ्याशा फरकाने पुढे एवढं काय होतं. या एका प्रश्नासाठी मी ही सेवा वर्गात वापरते.

आता ए००१४११ च्या पानाबद्दल. वर संख्या: १, ४, १२, ३६, १००, २८४, ७८०, २१७२, ५९१६, १६२६८, ४४१००, १२०२९२, ३२४९३२ आणि पुढे. खाली टिपा, संदर्भ, दुवे, सूत्रं, उदाहरणं, संगणकाचे छोटे प्रोग्राम आणि संबंधित क्रमिकांचे निर्देश. मुख्य पानावर जागेच्या मर्यादेमुळे थोड्याच संख्या मावतात, म्हणून लांब यादी बी-फाइल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. माझ्या मते सेवेचा खरा ठेवा या फाइलींत आहे. चौकोनी जाळीची मोजदाद इवान जेन्सन यांनी ७९ पावलांपर्यंत नेली आहे आणि ती शेवटची संख्या ३५ अंकी आहे. ती एकेक वाट चालून कोणी मोजलेली नाही, तसं मोजणं शक्यच नाही. जाळीचा छोटा आयत घ्यायचा, त्यावरून एक छेदरेषा सरकवत न्यायची आणि रेषेवर वाटेची टोकं कशी जोडलेली आहेत एवढंच लक्षात ठेवायचं, अशी ती पद्धत आहे. तिच्यामुळे काम वाटांच्या संख्येपेक्षा कितीतरी सावकाश वाढतं.

तीन मितींच्या घनाकृती जाळीत हे तंत्र तितकं चालत नाही. तिथली क्रमिका ए००१४१२ : ६, ३०, १५०, ७२६... १९४७ मध्ये ऑर यांनी ती हाताने सहा पावलांपर्यंत मोजली होती. २०११ मध्ये श्राम, बार्केमा आणि बिसेलिंग यांनी ३६ पावलं गाठली आणि संख्या २५ अंकी निघाली. सहापासून छत्तीसपर्यंत यायला ६४ वर्षं गेली, यावरून प्रत्येक नव्या संख्येचं मोल कळतं. ओईआयएसच्या पानावर ती संख्या स्वल्पविरामांमध्ये शांतपणे बसलेली असते.

आता प्रत्यक्ष काम. शेजारच्या दोन संख्यांचं गुणोत्तर काढत गेलं की ते एका स्थिरांकाकडे सरकतं. त्याला म्यू म्हणतात. असा स्थिरांक असतोच, हे १९५७ मध्ये हॅमर्स्ली यांनी दाखवलं. युक्ती साधी आहे. स्वतःला टाळणारी लांब चाल मधे तोडली तर दोन्ही तुकडे स्वतःला टाळणारेच असतात, म्हणून लांब चालींची संख्या तुकड्यांच्या संख्यांच्या गुणाकारापेक्षा जास्त असूच शकत नाही. चौकोनी जाळीवर गुणोत्तरं अशी येतात: पाचव्या पावलाला २.८४, सहाव्याला २.७५, सातव्याला २.७८, आठव्याला २.७२. वर-खाली, वर-खाली. चौकोनी जाळीचे बिंदू बुद्धिबळाच्या पटासारखे दोन रंगांत विभागता येतात, त्यामुळे सम आणि विषम पावलांचा स्वभाव थोडा वेगळा असतो. उपाय म्हणजे एक सोडून एक संख्या घ्यायची. बाराव्या पावलाची संख्या ३२४९३२, दहाव्याची ४४१००. भागाकार ७.३६८, त्याचं वर्गमूळ २.७१४. अजून सुमारे तीन टक्क्यांनी जास्त आहे, कारण वाटांची संख्या निव्वळ म्यूच्या घाताने वाढत नाही. सोबत पावलांच्या संख्येचा एक छोटा घात असतो. सपाटीवर तो ११/३२ आहे, नीनहाउस यांनी १९८२ मध्ये काढलेला. त्याची दुरुस्ती लावली की २.६३१ उरतं. आज ज्ञात असलेली किंमत २.६३८१५८५ आहे. बारा पावलांच्या आकड्यांतून, साध्या गणकयंत्रावर, पाव टक्क्याच्या आसपासच्या चुकीत.

अंतराचंही तसंच. पहिलं पाऊल एका दिशेने ठरवून टाकलं तर अंतरांच्या वर्गांच्या बेरजा १, ८, ४१, १७६, ६७९, २४५२ अशा येतात आणि वाटा १, ३, ९, २५, ७१, १९५. या दोन्ही क्रमिका सेवेत आहेत. चार पावलांना सरासरी १७६ भागिले २५, म्हणजे ७.०४. रँडम वॉकला तिथे ४ आले असते. दोन पावलांची सरासरी २.६७ आणि चारची ७.०४ यांची तुलना केली की न्यू ०.७० येतो. तीन आणि सहा पावलांची केली की ०.७३. खरा ०.७५. चार पावलांच्या सगळ्या वाटा चौकटीच्या कागदावर काढून १७६ स्वतः मिळवा असं मी प्रत्येकाला सांगते. पंचवीसच वाटा आहेत, अर्ध्या तासात होतात, आणि नंतर पडद्यावर तीच संख्या दिसली की पुढच्या मोठ्या संख्यांवरचा विश्वास ऐकीव राहत नाही.

दुसऱ्या जाळ्या उघडल्या की चित्र आणखी रंगतं. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी ए००१६६८ वर आहे: ३, ६, १२, २४, ४८, ९०. पाच पावलांपर्यंत नुसतं दुप्पट, आणि सहाव्याला षटकोन पुरा होतो म्हणून ९६ मधून सहा जातात. त्रिकोणी जाळी ए००१३३४ वर: ६, ३०, १३८... म्यू तिघींचा वेगळा: षटकोनीचा १.८४८, चौकोनीचा २.६३८, त्रिकोणीचा ४.१५१. पण अंतराचा घातांक तिन्हींवर ३/४, आणि तो ११/३२ ही तिन्हींवर तोच. जाळीची विण बदलली, प्रत्येक बिंदूचे शेजारी तीनचे सहा झाले, तरी मोठ्या प्रमाणावरचं वागणं एकच. सार्विकता म्हणतात ती ही, आणि तिच्यामुळेच खऱ्या पॉलिमरचं रसायन बाजूला ठेवून जाळीवरच्या खेळातून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क आपल्याला मिळतो. द जेन यांनी १९७२ मध्ये या चालींचा संबंध चुंबकांच्या एका प्रतिमानाशी जोडला. त्यातल्या प्रत्येक छोट्या चुंबकाच्या सदिशाला जितके घटक असतात ती संख्या शून्याकडे नेली की स्वतःला टाळणारी चाल मिळते. भौतिकीतल्या ज्या गोष्टी मला आजही पहिल्यासारख्या सुंदर वाटतात त्यांत ही वरच्या ओळीत आहे.

षटकोनी जाळीचा म्यू हा (२ + √२) याचं वर्गमूळ आहे. नीनहाउस यांचं हे अनुमान १९८२ चं. ड्युमिनिल-कोपाँ आणि स्मिर्नोव्ह यांनी त्याची पूर्ण सिद्धता दिली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सपाटीवरच्या ३/४ ची सिद्धता मात्र अजून कोणाकडे नाही. भौतिकीवाल्यांना त्याबद्दल शंका नाही आणि आकडे दहादा तेच सांगतात, तरी गणिताच्या दृष्टीने ते अनुमानच आहे.

आकडे जुळणं आणि सिद्ध होणं यांतलं अंतर ही सेवा वापरणाऱ्याने सतत लक्षात ठेवायला हवं. याचं उत्तम उदाहरण याच विषयात आहे. चौकोनी जाळीचा म्यू १३ x⁴ − ७ x² − ५८१ = ० या समीकरणाचं मूळ असावा असं बरीच वर्षं वाटत होतं. समीकरणाचं मूळ २.६३८१५८५३०३४ असं निघतं आणि मोजणीतून येणारी किंमत दर सुधारणेनंतर त्याच्याशी जुळतच राहिली. २०१६ मध्ये जेकबसन, स्कलर्ड आणि गुटमन यांनी आणखी पुढचे अंक काढले: २.६३८१५८५३०३२७९०. दशांशचिन्हानंतर दहा अंक जुळले आणि अकराव्याला समीकरण गळालं. ओईआयएसच्या शोधात पाच-सहा संख्या जुळल्या की माणसाला शोध लागल्यासारखं वाटतं. जुळलेली क्रमिका हा चांगला संशय असतो, त्यापुढचं काम आपल्याला करावं लागतं. पानावरच्या टिपांत अनुमान आणि प्रमेय वेगळे नमूद केलेले असतात, ते वाचायची सवय लावून घ्या.

सेवेची सीमाही सांगायला हवी. ती पूर्णांकांची आहे. घातांक, गुणक, त्रुटीची मर्यादा हे तिचं क्षेत्र नाही, आणि तीन मितींत नेमकं तेच हवं असतं. फ्लोरी यांनी १९४९ मध्ये साखळीचा ताण आणि दुव्यांची एकमेकांना टाळण्याची गरज यांचा तोल मांडला आणि सूत्र मिळवलं: न्यू म्हणजे तीन भागिले (मिती अधिक दोन). सपाटीवर बरोबर ३/४, तीन मितींत ०.६, चारांत १/२. त्या मांडणीतल्या दोन चुका एकमेकींना जवळजवळ खोडतात, म्हणून उत्तर इतकं चांगलं येतं. पण तीन मितींतली खरी किंमत ०.६ नाही. नेथन क्लिस्बी यांनी २०१० मध्ये ती ०.५८७५९७ दिली, आणि ती ३६ पावलांच्या मोजदादीतून आलेली नाही. त्यांनी ३ कोटी ३० लाख पावलांपर्यंतच्या चाली संगणकावर तयार केल्या. पद्धत अशी की चालीवरचा एखादा बिंदू निवडायचा, त्यापुढचा सगळा भाग फिरवायचा किंवा आरशात उलटा करायचा, आणि नवी चाल स्वतःला कुठे शिवत नसेल तर ती स्वीकारायची. लाल यांनी १९६९ मध्ये ही सुचवली, मॅड्रास आणि सोकल यांनी १९८८ मध्ये तिची ताकद दाखवली. ज्याला तीन मितींतला घातांक हवा त्याने या वाटेने जावं. ओईआयएसचा उपयोग तिथे तुमचा प्रोग्राम तपासायला होतो: सहा पावलांच्या चाली तुमच्या प्रोग्रामने १६९२६ मोजल्या नाहीत, तर लाखांच्या चालीबद्दल तो काय सांगतो याला अर्थ नाही. माझ्या अनुभवात हा तपास सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित.

चार मितींची क्रमिकाही आहे, ८, ५६, ३९२, २६९६, पण तिच्यातून स्केलिंग काढायच्या फंदात नवख्याने पडू नये. तिथे वर्गमुळाच्या नियमाला लॉगरिदमची मंद दुरुस्ती चिकटते आणि लहान चालींत ती दिसत नाही. पाच आणि त्यावरच्या मितींत चालीला स्वतःला भेटण्याची संधीच इतकी कमी की घातांक पुन्हा १/२ होतो. हारा आणि स्लेड यांनी १९९२ मध्ये ते सिद्ध केलं.

सेवेचा इतिहास थोडक्यात, कारण भरवसा तिथून येतो. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये, पीएचडीचे विद्यार्थी असताना, क्रमिका गोळा करायला सुरुवात केली. १९७३ मध्ये २,३७२ क्रमिकांचं पुस्तक, १९९५ मध्ये सायमन प्लूफ यांच्यासोबत ५,४८७ क्रमिकांचं, १९९६ मध्ये संकेतस्थळ, २००९ मध्ये ना-नफा प्रतिष्ठान. आज साडेतीन लाखांहून जास्त नोंदी आहेत आणि प्रत्येक नवी नोंद स्वयंसेवक संपादकांच्या नजरेखालून जाते. प्रत्येक बदलाचा इतिहास उघडा असतो.

रूप साधं आहे, सजावट जवळजवळ शून्य. मला ते आवडतं. टिपा इंग्रजीत आणि फार आटोपशीर असतात, पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्या तुटक वाटतील. पानाच्या तळाशी लहान इंग्रजी खुणा असतात. त्यांतली ‘वॉक’ ही खूण चालींच्या क्रमिकांसाठी, ‘हार्ड’ म्हणजे पुढची संख्या काढणं अवघड, ‘मोर’ म्हणजे आणखी संख्या हव्या आहेत. ‘वॉक’ आणि ‘मोर’ एकत्र शोधलं की कोणती मोजदाद अपुरी पडून आहे त्याची यादीच मिळते, आणि पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्याला याहून चांगली यादी मी तरी पाहिलेली नाही. क्रमिका ऐकवणारं बटणही आहे. आपल्या कामात त्याचा उपयोग नाही.

पाचपैकी पाच द्यावेत अशी ही सेवा आहे आणि मी तेवढे देते. ज्याला नुसतं घातांकाचं उत्तर हवं त्याला ती कोरडी वाटेल. ज्याला ते उत्तर कुठून येतं हे आपल्या हाताने बघायचं आहे त्याने षटकोनी जाळीपासून सुरुवात करावी, कारण तिथे म्यू अचूक माहीत आहे आणि आपला अंदाज किती चुकला हे लगेच कळतं. बी-फाइल उतरवून घ्या, सम आणि विषम संख्या वेगळ्या करा, आणि गुणोत्तरांचा आलेख एक भागिले पावलांच्या संख्येसमोर काढा. रेषा १.८४७७६ च्या दिशेने झुकताना दिसेल.